कडीत राहिलेली तार

ब्रिगहाउसमध्ये ज्याला काही जमत नाही तो मतं बाळगतो. नेव्हिल सग्डनला काम जमायचं आणि वर मतंही होती. असा माणूस गावाला दुप्पट महाग पडतो.

दर शनिवारी तो गेनरच्या व्हेपच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा आणि कॉइल वळायचा. व्हेपच्या पोटात तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं. ते तापतं, त्यातला ओला कापूस वाफाळतो, आणि एरवी शहाणा दिसणारा माणूस तोंडातून आंब्याच्या वासाचे ढग सोडत उभा राहतो. ही वेटोळी बाजारात तयार मिळतात. पण नेव्हिलसारख्यांना तयार वेटोळं म्हणजे शिळं अन्न. तो आधी एका जाड तारेवर केसाएवढी बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायचा आणि मग त्या जोडतारेचं वेटोळं करायचा. जाड तारेचं एक टोक चिमट्यात, दुसरं बोटांनी गरगर फिरवायचं, आणि बारीक तार डाव्या अंगठ्याखालून ताणून सोडायची. वीतभर तार गुंडाळायला एक अख्खा चहा गार व्हायचा.

याला सोपा मार्ग आहे, आणि ज्यांना आयुष्यात दुसरी कामं आहेत ते तोच धरतात. जाड तारेचं एक टोक ड्रिलमध्ये अडकवायचं, दुसरं फिरकीत. फिरकी म्हणजे गळ टाकणारे लोक दोरीत घालतात ती, दोन टोकांना दोन कड्या आणि मध्ये छर्ऱ्यांवर फिरणारं पितळी बोंड. ड्रिल फिरलं की तार दोन्ही टोकांना सारखी फिरते, पीळ पडत नाही, आपण नुसती बारीक तार धरून बसायचं. कॉइल तशीच होते. तापते तशीच, वाफही तेवढीच. नेव्हिलला मात्र फरक कळायचा, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. "फिरकीवाले" हा शब्द तो अशा सुरात उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे लोक दारू पिऊन बायकोला मारत असणार.

त्याच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती: "फक्त हाताने. फिरकी नाही." ती कोणी वाचत नसे. दुकानात येणारे बाटल्या विकत घ्यायचे आणि जायचे. पण रॉयस्टन हेग यायचा तोवर नेव्हिलला एक गिऱ्हाईक, एक शिष्य आणि एक श्रोता असे तिघेही एकाच माणसात मिळत होते.

रॉयस्टन बसचा ड्रायव्हर. दोघांना डॉक्टरने एकाच महिन्यात सिगारेट सोडायला लावली, दोघे मिळूनच व्हेपकडे वळले, आणि कितीतरी वर्षं शनिवारी शेजारी शेजारी बसून तारा गुंडाळत राहिले. रॉयस्टन फारसा बोलायचा नाही. नेव्हिलला बोलणारा जोडीदार नकोच होता.

मग चार वर्षांपूर्वी एका शनिवारी रॉयस्टनने पिशवीतून एक छोटं ड्रिल काढलं आणि खिशातून एक फिरकी. तो काही बोलणार तेवढ्यात नेव्हिलने ती फिरकी चिमट्याने उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. दुकानात सात-आठ माणसं होती. हे नेव्हिलने आधी पाहून घेतलं.

"हे बघा," तो म्हणाला. "ज्याला देवाने हात दिले नाहीत त्याच्यासाठी ही सोय आहे. रॉयस्टन, तुला हात आहेत ना रे? की बसमध्ये विसरून आलास?"

आणि त्याने ती फिरकी कचऱ्याच्या डब्यात टाकली. लोक हसले, लोकांना काय लागतं हसायला. रॉयस्टनने डब्यात हात घालून फिरकी काढली, पँटला पुसली, ड्रिल पिशवीत ठेवलं आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नेव्हिलने त्याच्या खुर्चीवर हत्यारांची पेटी ठेवली आणि जो येईल त्याला सांगत सुटला की खऱ्या कारागिरीला टिकून राहणारा माणूस लागतो, सगळ्यांना झेपत नाही. खुर्ची मात्र त्याने गेनरला कधी काढू दिली नाही.

आता देवाघरचा न्याय म्हणा किंवा वय म्हणा, यंदाच्या वसंतात नेव्हिलचा डावा अंगठा बुडाशी दुखायला लागला. उन्हाळ्यात त्याला लोणच्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. सप्टेंबरात तार ताणून धरता येईना. वेढ्यांमध्ये फटी पडायला लागल्या, म्हाताऱ्याच्या दातांसारख्या. एका शुक्रवारी त्याने तीन वेळा तार गुंडाळली, तीनही वेळा फेकून दिली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसला. गेनरला काय, ती म्हणाली असती, "मग ड्रिलने करा की, नेव्हिल." गावाला तर कशाचंच काही नव्हतं. भीती एकाच माणसाची होती. रॉयस्टनला कळलं तर तो कचऱ्याचा डबा भर बाजारात आपल्या डोक्यावर उपडा होणार, हे नेव्हिलला पक्कं ठाऊक होतं. कारण रॉयस्टनच्या जागी तो असता तर त्याने तेच केलं असतं.

ड्रिल घरात होतं. फिरकी हवी होती. मागवली असती तर घरपोच आली असती, पण मागवल्याचा पुरावा राहतो, असं या गृहस्थाचं डोकं. म्हणून तो सोमवारी सकाळी उजळ माथ्याने कालव्याजवळच्या बेरिलच्या गळांच्या दुकानात शिरला. चोराला लपायला पोलीस चौकी सापडावी, तसलं हे शहाणपण. रॉयस्टन जन्मापासून त्या दुकानाचं गिऱ्हाईक होता, फक्त नेव्हिलने त्याला ते कधी विचारलं नव्हतं.

"काय हवंय राजा?" बेरिलने विचारलं. ती सगळ्यांनाच राजा म्हणते, कुत्र्यालासुद्धा.

"फिरक्या. छर्ऱ्यांच्या."

"कशाला?"

"मासे धरायला. आणखी कशाला लागतात?"

"विचारू नकोस. निम्म्या त्या धुराच्या नळ्यावाल्यांना लागतात. येतात, फिरक्या घेतात, गळाला लावायच्या अळ्यांचा डबा दिसला की तोंड वाकडं करतात. तू त्यांच्यातला तर नाहीस?"

"मला त्या लोकांची चीड आहे," नेव्हिल म्हणाला. इतकं खरं तो त्या महिन्यात बोलला नव्हता.

"बरं. मासा कुठला?"

"मोठा."

"आपल्या कालव्यात?"

"कालव्यातला मोठा."

"म्हणजे पाइक. मग दोरीला पुढे तार लावावी लागेल राजा. पाइकचे दात असे असतात की दोरी कच्चकन तोडतो."

"तार आहे माझ्याकडे. पुष्कळ."

बेरिलने चष्म्यावरून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, फिरक्या कागदी पुडीत घातल्या आणि खडूने भिंतीवरच्या फळ्यावर त्याचं नाव लिहून टाकलं. रविवारी गळवाल्यांच्या क्लबची स्पर्धा होती आणि माणसं कमी पडत होती. पाइकबिइक विसर, छोटे मासे धर, काठी मी देते, ती म्हणाली. नको म्हणावं तर मासे धरणारा माणूस नको का म्हणेल? नेव्हिल "वा, छान" म्हणाला आणि घरी जाऊन त्याने दार आतून लावून घेतलं.

फिरकी चालली. हे सांगताना हसू येतं, पण चालली आणि झकास चालली. सुईच्या टोकानेही फट सापडणार नाही अशी तार निघाली. शनिवारी नेव्हिलने पाटीच्या शेजारी ती कॉइल मांडली आणि एका पोराला सांगितलं, "ही नजर यंत्राला नसते, बाळा." नाकाने कांदे सोलायची सवय अशी एका आठवड्यात जात नाही.

रविवारी पाऊस नव्हता, नुसता गारठा होता. कालव्याच्या काठाला म्हातारे डुकराचा खिमा भरलेल्या कचोऱ्या खात उभे होते. जागा चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. बेरिलने टोपी पुढे केली, नेव्हिलने चिठ्ठी उचलली, आणि नशिबाने आपली सगळ्या वर्षांची थकबाकी एकदम वसूल केली. शेजारच्या जागेवर घडीची खुर्ची मांडून रॉयस्टन बसलेला होता.

"नेव्हिल," रॉयस्टन म्हणाला.

"रॉयस्टन," नेव्हिल म्हणाला.

चार वर्षांत एवढंच बोलणं झालं आणि तेही लगेच संपलं. पलीकडच्या बाजूला माल्कम नावाचा एक ठार बहिरा म्हातारा होता. त्याचा काही उपयोग नव्हता.

नेव्हिलला आता गळ बांधायचा होता. याआधी बांधला नव्हता, पण दांडीवर दोरी गुंडाळायची एवढंच ना? गुंडाळणं म्हटलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. अंगठा ठणकत होता तरी त्याने गळाच्या दांडीवर दोरी वेढ्याला वेढा लावून अशी बसवली की सोनाराने पाहत राहावं. मग शेपूट कापलं आणि झालं म्हणाला. गाठ मारलीच नाही. तारेच्या कामात गाठ नसते. तार जिथे बसवाल तिथे बसते, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. नायलॉनच्या दोरीला स्वतःची अक्कल असते, हे त्याला कोण सांगणार? पहिला मासा गळासकट गेला. दुसराही गेला. तिसरा गळ तर मासा न लागताच पाण्यात सुटून पडला.

तेवढ्यात त्याचं लक्ष शेजारी गेलं. रॉयस्टन गळ बांधत होता, पण हाताने नाही. पेन्सिलीएवढं एक प्लास्टिकचं यंत्र होतं, त्यात गळ अडकवायचा, फिरवायचं, ओढायचं, झालं. आता शहाण्या माणसाने गप्प बसावं. पोटात फिरकीचं पाप घेऊन बसलेल्याने तर नक्कीच गप्प बसावं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"गळ बांधायलाही यंत्र लागतं का आता?" नेव्हिल म्हणाला.

"लागतं," रॉयस्टन म्हणाला.

"मी हाताने बांधतो."

"दिसतंय. मासेही खूश दिसतायत, घेऊन जातायत." रॉयस्टनने आपली काठी पाण्याबाहेर काढून आडवी ठेवली आणि उठून जवळ आला. "दे, एक बांधून देतो. डबा कुठाय तुझा?"

नेव्हिलने डबा पुढे केला. तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा. त्यात गळ होते, शिशाच्या गोळ्या होत्या आणि बेरिलच्या फिरक्या होत्या. घाईघाईत सगळं एकत्र ओतताना आठवडाभर वापरलेली फिरकीही त्यातच पडली होती, हे त्याला रॉयस्टनने ती दोन बोटांत उचलली तेव्हा आठवलं.

फिरकीच्या एका कडीत चकचकीत तारेचा छोटासा पिळा अडकलेला होता. गुंडाळून झाल्यावर जाड तार कापतात तेव्हा कडीत उरतं ते शेपूट. बेरिलने ते कचरा म्हणून फुंकून टाकलं असतं. क्लबातल्या कुणालाही ते काय आहे ते सात जन्मांत कळलं नसतं. कळणारा माणूस त्या काठावर एकच होता आणि तो ते उजेडाकडे धरून बघत होता.

नेव्हिलच्या डोक्यात सबबींची रांग लागली. सापडली. गेनरची आहे. एका पोराला दाखवायला आणली होती. प्रत्येक सबब तोंडापर्यंत यायची आणि रॉयस्टनचा चेहरा पाहून परत फिरायची. आता बोलेल, आता हसेल, माल्कमच्या कानात ओरडून सांगेल, बेरिलला हाक मारेल. नेव्हिलने अंग चोरलं.

रॉयस्टनने खिशातून छोटी पक्कड काढली. फिरकी गुडघ्यावर ठेवून डाव्या हाताच्या तळव्याने दाबून धरली आणि उजव्या हाताने तारेचं शेपूट खेचून काढलं.

"हे काढून टाकत जा," तो म्हणाला. "राहिलं की पुढची तार वाकडी फिरते."

फिरकी त्याने डब्यात परत ठेवली, आपल्या यंत्राने गळ बांधला, ओढून पाहिला आणि नेव्हिलच्या हातात दिला. बस, इतकंच. जाऊन आपल्या खुर्चीवर बसला आणि गळ पुन्हा पाण्यात सोडला.

नेव्हिलला हे सोसेना. शिव्या खाण्याची तयारी करून बसलेल्या माणसाला शिव्या मिळाल्या नाहीत की तो अगदी केविलवाणा होतो.

"बोल की," तो म्हणाला.

"काय?"

"मी तुला बोललो होतो ते. सगळ्यांसमोर."

"इथे सगळे कुठायत? माल्कम आहे, त्याला ऐकू येत नाही."

"मग मला एकट्याला बोल."

रॉयस्टन पाण्याकडे बघत म्हणाला, "अंगठा का?"

"हो. तुला कसं कळलं?"

"काठी धरतोस त्यावरून. कधीपासून?"

आणि नेव्हिल सुटला. वसंतापासून, म्हणाला. आधी नुसतं दुखायचं, मग रात्री ठणकायला लागलं, लोणच्याची बाटली, दाराची किल्ली, डॉक्टर म्हणतो वयच आहे, मलम दिलंय, मलमाचा घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. घरी विचारायला कोणी नव्हतं आणि दुकानात सांगायची सोय नव्हती, त्यामुळे सहा महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. रॉयस्टन ऐकत होता, मध्येच "हं" म्हणत होता. सांगता सांगता नेव्हिलची नजर त्याच्या डाव्या हाताकडे गेली. तो हात मांडीवर पडला होता. बोटं अर्धवट मिटलेली होती आणि इतक्या वेळात एकदाही उघडली नव्हती. फिरकी दाबून धरायलाही त्याने तळवाच वापरला होता.

"तुझ्या हाताला काय झालं?" नेव्हिलने विचारलं.

"बधिर आहेत बोटं. नस गेली. पस्तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्याचं."

"कधी?"

"झाली आता चार वर्षं."

कालव्यातून एक बदक गेलं. नेव्हिल त्याच्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे बघणं शक्य नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तो शेवटी म्हणाला, आणि पाहा, अजूनही तक्रार याचीच.

"सांगायलाच आलो होतो त्या शनिवारी," रॉयस्टन म्हणाला. "आदल्या दिवशीच डॉक्टरने सांगितलं होतं. म्हटलं, आधी फिरकी काढतो, मग तू विचारशील, हे काय नवीन, मग सांगतो. तू विचारलंस. हात बसमध्ये विसरलास का म्हणून विचारलंस."

या वाक्यात राग नव्हता. असता तर नेव्हिलला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्याने त्या दिवशी फिरकी पाहिली होती, लोक किती आहेत ते पाहिलं होतं, आपलं वाक्य कसं बसलं ते पाहिलं होतं, आणि शेजारच्या माणसाचा हात पाहिला नव्हता. बारीक फट ओळखणारी नजर म्हणे. त्याला स्वतःची किळस आली, आणि ती यायला हवी होती.

"शनिवारी ये," तो म्हणाला. "गेनरकडे. दोन ड्रिलं मांडू. पाटी काढून टाकतो."

"मी सोडलं ते. चार वर्षं झाली."

"व्हेप? सगळं?"

"मला तो धूर कधी आवडलाच नाही, नेव्हिल. सिगारेट सुटली तेव्हाच माझं काम झालं होतं. आणि तारा गुंडाळून मला काय करायचं होतं? मी तिथे तुझ्याशेजारी बसायला यायचो."

रॉयस्टनच्या दोरीवरचं तरंगणारं बूच बुडालं. त्याने उजव्या हाताने काठी उचलली, कोपराने आधार दिला आणि हातभर मासा सावकाश काठाशी आणला. नेव्हिल जाळी धरायला उठला, पण ती रॉयस्टनने आधीच पायाने जवळ ओढून ठेवली होती. त्याला मदत लागत नव्हती. चार वर्षांत त्याने प्रत्येक गोष्टीची काही ना काही युक्ती करून ठेवली होती आणि त्यातल्या एकाही युक्तीत नेव्हिल नव्हता.

दुपारी शिट्टी झाली. वजनकाटा घेऊन बेरिल एकेका जागेशी थांबत आली. रॉयस्टनचे मासे तिने तोलले आणि पाण्यात सोडून दिले. नेव्हिलकडे तोलायला काही नव्हतं.

"मी इथे येत जाऊ का?" सामान आवरताना नेव्हिलने विचारलं. त्याच्या आवाजात तोरा औषधालाही उरला नव्हता. "रविवारी?"

"ये की. कालवा काय माझ्या बापाचा आहे?" रॉयस्टनने खुर्ची मिटली आणि काखेत मारली. "पण शेजारची जागा इथे चिठ्ठीने मिळते."

तो पुलाकडे चालू लागला. रॉयस्टनने बांधून दिलेला गळ नेव्हिलने दोरीवरून सोडवायचा प्रयत्न केला. गाठ पक्की होती. शेवटी त्याने दोरी कापली.